आवाज ट्यूबचा की सर्किटचा? वाचकांचे प्रश्न

या महिन्यात गिटारच्या ट्यूब अ‍ॅम्पवरचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. रेडिओ दुरुस्त करणारी जुनी मंडळी ज्याला व्हॉल्व्ह म्हणत तीच ही ट्यूब, तेव्हा शब्दावर अडू नये. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. या अ‍ॅम्पमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त डीसी खेळत असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटर या वीज धरून ठेवणाऱ्या भागात साठून राहतो. मागचे झाकण उघडायची पाळी जिथे येते तिथे तसे स्पष्ट लिहिले आहे. बाकी सगळे झाकण न उघडता करता येते.

प्रश्न : फेंडरचा '६५ डिलक्स रिव्हर्ब, व्हॉक्सचा एसी१५ आणि मार्शलचा डीएसएल२० यांतला एक घ्यायचा आहे. माझ्याकडे दोन गिटार आहेत : सिंगल कॉइलची (एकेरी वेटोळ्याच्या पिकअपची) स्ट्रॅट आणि हंबकरची (जोड वेटोळ्यांच्या पिकअपची) लेस पॉल. आमचा चौघांचा बँड शंभर-दीडशे माणसांच्या हॉलमध्ये हिंदी-मराठी गाणी आणि थोडे ब्लूज वाजवतो. दुकानदार म्हणतो, पहिल्यात ६व्ही६, दुसऱ्यात ईएल८४, तिसऱ्यात ईएल३४ या ट्यूब, म्हणून आवाज वेगळे. एवढेच आहे का? (वाचक, पुणे)

उत्तर : नाही. पॉवर ट्यूबच्या, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या ट्यूबच्या, नावाचा वाटा आहे, पण तो तिसऱ्या-चौथ्या नंबरचा. आधी सर्किट, मग स्पीकर आणि कॅबिनेट, मग तुम्ही अ‍ॅम्प किती मोठा ठेवता ते, आणि त्यानंतर ट्यूब.

डिलक्स रिव्हर्बमध्ये गिटारचा सिग्नल पहिल्या ट्यूबमधून निघाला की लगेच ट्रेबल-बासच्या नॉबांकडे जातो, व्हॉल्यूम त्यानंतर येतो. या टोन सर्किटचा स्वभावच मधले स्वर खाली दाबायचा आहे. साधारण ४००-५०० हर्ट्‌झच्या आसपास आवाजात खड्डा पडतो. ट्विन रिव्हर्बमध्ये मिडलचा १० किलोओहमचा नॉब असतो, डिलक्समध्ये त्या जागी ६.८ किलोओहमचा एक साधा रेझिस्टर बसवून टाकला आहे. म्हणून मिडल वाढवायची सोयच नाही. पण नेमक्या त्या खड्ड्यात गायकाचा आवाज बसतो. गाण्याला साथ करणाऱ्याला फेंडर आवडतो तो यामुळे. स्ट्रॅटवर व्हॉल्यूम ४-५ पर्यंत आवाज काचेसारखा स्वच्छ, सहाच्या पुढे फाटायला लागतो. लेस पॉलवर तेच एक-दीड आकडा आधी घडते. व्हॉल्यूम सातवर नेणार असाल तर बास दोन-तीनवर आणा. टोनचे नॉब व्हॉल्यूमच्या आधी असल्यामुळे बास जसाच्या तसा पुढच्या ट्यूबवर आदळतो आणि जाड तारांचा आवाज ओल्या पुठ्ठ्यासारखा होतो. पुष्कळ जण याचा दोष स्पीकरला देतात.

एसी१५ चे तर्कशास्त्र वेगळे. पहिला व्हॉक्स एसी१५ १९५८ चा, डिक डेनी यांनी आखलेला. बहुतेक अ‍ॅम्पमध्ये स्पीकरच्या बाजूचा थोडा सिग्नल उलटा करून मागे आणतात, त्याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. त्याने आवाज घट्ट आणि आटोक्यात राहतो. डिलक्समध्ये तो आहे, व्हॉक्समध्ये नाही. त्यामुळे स्पीकरचा स्वतःचा झंकार वर येतो आणि आवाज एकदम न फाटता हळूहळू फाटत जातो. तार हलकी छेडली तर स्वच्छ, जोरात मारली तर करकरीत. हे बोटांनी ठरवता येते, पेडल लागत नाही. टॉप बूस्ट चॅनेलचे ट्रेबल आणि बास हे नॉब एकमेकांत अडकलेले आहेत. दोन्ही वर नेले की मधला भाग खचतो, दोन्ही खाली आणले की भरतो. आणि 'टोन कट' उलटा चालतो : फिरवाल तसा ट्रेबल कमी होतो. नवा माणूस तो दहावर ठेवतो आणि अ‍ॅम्प बंद खोलीतून वाजतोय अशी तक्रार करतो. जाहिरातीत 'क्लास ए' लिहिलेले असते, तिकडे फार लक्ष देऊ नका. क्लास ए म्हणजे ट्यूबमधला करंट क्षणभरही न थांबणे. हा कॅथोड बायसचा (बायस म्हणजे सिग्नल नसताना ट्यूबमधून किती करंट वाहावा याची जुळणी) पुश-पुल (दोन ट्यूब आळीपाळीने काम करतात असा) अ‍ॅम्प आहे आणि मोठा केला की तो एबी क्लासमध्येच जातो, म्हणजे प्रत्येक ट्यूब काही क्षण बंद राहते.

मार्शलची गोष्ट गमतीची आहे, कारण तिचे मूळ फेंडरमध्येच आहे. लंडनच्या हॅनवेल भागातल्या जिम मार्शल यांच्या दुकानात केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी फेंडरचा ५एफ६-ए बासमन समोर ठेवून १९६२ मध्ये जेटीएम४५ बनवला. सर्किट जवळजवळ तेच. पण पहिल्या जागी १२एवाय७ ऐवजी जवळपास दुप्पट गेनची (सिग्नल दुप्पट वाढवणारी) ईसीसी८३, म्हणजेच १२एएक्स७, आली, आणि मागून उघड्या चार १० इंची जेन्सन स्पीकरऐवजी बंद कॅबिनेटमध्ये चार १२ इंची सेलेस्टियन आले. एवढ्यानेच बासमनचा आवाज ओळखू येईनासा झाला. ईएल३४ या ट्यूब मार्शलमध्ये नंतर आल्या. दुकानदाराला हे जरूर सांगा. या घराण्यात टोनचे नॉब गेनच्या ट्यूबनंतर येतात, म्हणजे आवाज आधी फाटतो आणि मग त्याला आकार मिळतो. मधला खड्डा उथळ आणि थोडा वर असतो. म्हणून ढोल, बास, कीबोर्ड या सगळ्यांतून गिटार पुढे घुसते. डीएसएल२० मध्ये दोन चॅनेल, गेन आणि व्हॉल्यूम वेगवेगळे, त्यामुळे हळू आवाजातही डिस्टॉर्शन, म्हणजे फाटलेला आवाज, मिळते.

आता सोयी पाहू. डिलक्समधला रिव्हर्ब (हॉलमधल्यासारखा घुमारा) खऱ्या स्प्रिंगचा आणि ट्यूबने चालणारा, पण तो फक्त दुसऱ्या चॅनेलवर. त्या चॅनेलचे नाव 'व्हायब्रॅटो' असले तरी मिळतो तो ट्रेमोलो : व्हायब्रॅटोत सूर वर-खाली होतो, ट्रेमोलोत आवाज लहान-मोठा. लिओ फेंडरच्या कंपनीने गिटारच्या दांडीला ट्रेमोलो म्हटले आणि अ‍ॅम्पमधल्या ट्रेमोलोला व्हायब्रॅटो, आणि सत्तर वर्षे सगळे तसेच म्हणताहेत. एसी१५ मध्ये स्प्रिंग रिव्हर्ब, ट्रेमोलो आणि मास्टर व्हॉल्यूम. डीएसएल२० च्या काँबोत (ज्यात स्पीकर आतच असतो) रिव्हर्ब डिजिटल, पण इफेक्ट लूप (गेनच्या ट्यूबनंतर पेडल जोडायची जागा) आहे आणि वॉट २० वरून १० वर आणायची सोय आहे. बाकी दोघांत इफेक्ट लूप नाही. डिले पेडल वापरत असाल आणि डिस्टॉर्शन अ‍ॅम्पचेच हवे असेल तर ही उणीव बोचते, कारण मग डिलेचा प्रत्येक पडसाद आधी येऊन फाटतो. डिस्टॉर्शन पेडलचे आणि अ‍ॅम्प स्वच्छ असेल तर काही बिघडत नाही.

तुमच्या कामाला आम्ही डिलक्स रिव्हर्ब घेऊ. गाण्यांना साथ, सिंगल कॉइल, पेडल, आणि वजन १९ किलो. ढोलकीवाला किंवा ड्रमर जोरकस असेल तर २२ वॉट स्वच्छ आवाजाला पुरणार नाहीत, तेव्हा अ‍ॅम्पसमोर माइक लावा : स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेवर, जाळीपासून तीन-चार सेंटीमीटरवर. ब्लूजच प्रामुख्याने वाजवत असाल तर एसी१५. तो २२ किलोच्या आसपास आहे, पाठीचा विचार करा.

दुकानात तुलना करताना एकच गिटार, एकच केबल, आणि मोबाइलवरच्या डेसिबल मीटरने सगळ्यांचा आवाज सारखा करून घ्या. तीन डेसिबलने मोठा असलेला अ‍ॅम्प कानाला हमखास 'चांगला' वाटतो. १२ इंची स्पीकर ट्रेबल सरळ समोर फेकतो, म्हणून अ‍ॅम्प जमिनीवर आणि तुम्ही उभे, असे ऐकले तर तिन्ही मऊ वाटतील. तीन मीटर दूर, कान स्पीकरच्या उंचीला आणून ऐका.

प्रश्न : डोंबिवलीत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो. २० वॉटचा अ‍ॅम्प घरात वाजवता येत नाही. तो विकून १ वॉटचा घेतला तर शेजारी सुखी होतील का? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : होणार नाहीत. कानाला आवाज निम्मा वाटायला वॉट दहापट कमी करावे लागतात, म्हणजे १० डेसिबल. २० वॉटवरून १ वॉटवर आलात तर १३ डेसिबल खाली आलात, इतकेच. सेलेस्टियन ग्रीनबॅकसारखा स्पीकर एका वॉटला एक मीटरवर ९८ डेसिबल देतो. एवढ्यात भिंतीपलीकडची मालिका ऐकू येणार नाही. ७५ डेसिबलवर यायचे तर एका वॉटचा दोनशेवा भाग लागेल. याच हिशेबाने ५० आणि १०० वॉटच्या मार्शलमध्ये फरक फक्त तीन डेसिबलचा असतो, हेही जाता जाता सांगतो.

अ‍ॅम्प ठेवा आणि अ‍ॅटेन्युएटर घ्या. स्पीकरकडे जाणारी ताकद मध्येच कापणारा हा डबा. त्याचे ओहम अ‍ॅम्पच्या आणि स्पीकरच्या ओहमशी जुळले पाहिजेत, आणि त्याची क्षमता अ‍ॅम्पच्या लिहिलेल्या वॉटच्या निदान दुप्पट हवी, कारण पूर्ण फाटलेला २० वॉटचा अ‍ॅम्प २० वर थांबत नाही. जोडणी दोन्ही बाजूंनी स्पीकर केबलनेच करा. गिटारची जाळीवाली केबल दिसायला तशीच असते, पण आतली तार बारीक. ती तापते, वितळते आणि शॉर्ट होते. १०-१२ डेसिबलपेक्षा जास्त कापले की आवाज मेल्यासारखा वाटतो. हळू आवाजात कानालाच बास आणि ट्रेबल कमी ऐकू येतात, शिवाय स्पीकरचा कागद हलत नाही. अ‍ॅटेन्युएटरचा तो दोष नव्हे. आणि अ‍ॅटेन्युएटर लावून रोज दोन तास दहावर वाजवले तर ट्यूब दहावर वाजवल्यासारख्याच झिजतील.

स्पीकर किंवा लोड न जोडता ट्यूब अ‍ॅम्प वाजवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला भार मिळाला नाही की त्याच्या वेटोळ्यांत व्होल्टेज इतके उसळते की इन्सुलेशन फुटते. फेंडरच्या जॅकमध्ये प्लग काढला की आउटपुट शॉर्ट होण्याची व्यवस्था असते, तिने काही वेळ निभावते. पुष्कळ अ‍ॅम्पमध्ये ती नसते.

तुमच्या पत्रात 'नॉब १ वरून २ वर नेला की एकदम ओरडतो' असेही आहे. पहिल्या सॉकेटमधली १२एएक्स७ काढून ५७५१ किंवा १२एवाय७ लावून पाहा. गेन अनुक्रमे १००, ७० आणि साधारण ४५. पिना त्याच, बायस करावा लागत नाही. अ‍ॅम्प बंद करून, थंड झाल्यावर, हलकेच गोल डोलवत ट्यूब वर काढा. वाकडी ओढली तर पिनेच्या मुळाशी काच तडकते.

प्रश्न : मामेभाऊ न्यू जर्सीहून येताना तिथला डिलक्स रिव्हर्ब आणतो म्हणतो. इथे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला की झाले ना? (वाचक, नाशिक)

उत्तर : निम्मे झाले. स्टेप-डाउन २३० चे १२० व्होल्ट करतो, ५० हर्ट्‌झचे ६० करत नाही. फ्रिक्वेन्सी कमी झाली की ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडावरचा चुंबकीय भार वाढतो. ६० वरून ५० ला तो २० टक्क्यांनी वाढतो. लोखंडात तेवढी जागा राखलेली असेल तर अ‍ॅम्प थोडा गरम होईल आणि चालेल. नसेल तर ट्रान्सफॉर्मर घरघरतो, तापतो आणि एक दिवस जळतो. व्होल्टेज १०० वर आणले की भार पूर्ववत होतो हे गणित बरोबर आहे, पण मग ट्यूबला आतून तापवणाऱ्या हीटरला ६.३ ऐवजी ५.२५ व्होल्ट मिळतात, म्हणून तो मार्ग बंद.

भावाला अ‍ॅम्पच्या पाठीवरची पट्टी वाचायला सांगा. '५०/६० हर्ट्‌झ' लिहिले असेल तर आणू द्या. नुसते '१२० व्होल्ट ६० हर्ट्‌झ' असेल तर आमचा सल्ला नको असा आहे. मामेभाऊ लंडन, सिंगापूर किंवा मेलबर्नला असता तर प्रश्नच नव्हता. तिथे आपल्यासारखेच २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ आहेत, फक्त प्लग बदलायचा.

आणलाच, तर असे करा. स्टेप-डाउन निदान ३०० व्हीएचा, तांब्याच्या तारेचा, हातात जड लागणारा. प्रवासात हेअर ड्रायरसाठी मिळतात ते हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर नकोत, त्यांची वीज कातरलेली असते. बाजारातल्या स्वस्त स्टेप-डाउनला पुष्कळदा दोन पिनांचेच सॉकेट असते, म्हणजे अर्थिंग तिथेच तुटते. मग हम (गुणगुण) येतो, आणि माइकला ओठ लागले की झटका बसतो. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून भिंतीत जाणाऱ्या प्लगची अर्थिंगची पिन आणि अ‍ॅम्पच्या चासीचा (धातूच्या सांगाड्याचा) उघडा स्क्रू तपासा. एक ओहमच्या आत आकडा आला पाहिजे. पहिल्या दिवशी न वाजवता तासभर चालू ठेवा. पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या टोपीवर पाच सेकंद हात ठेवता आला तर ठीक. हात लगेच मागे घ्यावा लागला, किंवा स्पीकर शांत असताना लोखंडातूनच घर्र आवाज येत असेल, तर थांबा.

कायमचा इलाज म्हणजे २३० व्होल्ट ५० हर्ट्‌झचा पॉवर ट्रान्सफॉर्मर बसवून घेणे. तेव्हा फ्यूजही बदलायचा हे मेकॅनिकला आठवण करून द्या : १२० ला २ अँपिअरचा स्लो-ब्लो असेल तर २३० ला १ अँपिअरचा. तो तसाच राहिला तर दोष आल्यावर फ्यूजआधी ट्रान्सफॉर्मर जाईल.

प्रश्न : पॉवर ट्यूब बदलल्या की बायस करावाच लागतो का? कुणी हो म्हणते, कुणी नाही. घरी करता येईल का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दोघेही आपापल्या अ‍ॅम्पपुरते खरे बोलत आहेत. एसी१५, एसी३०, फेंडर चॅम्प यांत कॅथोड बायस असतो. ट्यूब आपला करंट आपणच सावरते, जुळवलेली जोडी लावली की काम संपले. डिलक्स, ट्विन आणि बहुतेक मार्शल यांत फिक्स्ड बायस असतो, आणि नाव फिक्स्ड असले तरी नेमका तोच जुळवावा लागतो. छोट्या प्रीअ‍ॅम्प ट्यूबना दोन्हीकडे काही करावे लागत नाही.

गणित असे. ट्यूबच्या प्लेटची, म्हणजे जिच्याकडे करंट वाहतो त्या पत्र्याची, वॉटमधली मर्यादा घ्या : ६व्ही६जीटी १२, ईएल३४ २५, ६एल६जीसी ३०. तिचे ७० टक्के काढा, प्लेटच्या व्होल्टेजने भागा. डिलक्समध्ये प्लेटवर ४१५ व्होल्ट भरले तर १२ चे ७० टक्के ८.४, भागिले ४१५, म्हणजे २० मिलिअँपिअर. ही वरची हद्द आहे, गाठायचे ठिकाण नव्हे. १७ वरही अ‍ॅम्प छान वाजतो आणि ट्यूब जास्त टिकते. मोजायला ट्यूब आणि सॉकेट यांच्यामध्ये बसणारा बायस प्रोब मिळतो. त्यात १ ओहमचा रेझिस्टर असतो, म्हणून मीटरवर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर. हा आकडा कॅथोडचा, म्हणजे ट्यूबमधल्या सगळ्या करंटचा, असतो, त्यात स्क्रीन या मधल्या जाळीचा एखाद-दोन मिलिअँपिअर धरलेला असतो, तो वजा समजा. बायसचा पॉट (फिरवायचा रेझिस्टर) फिरवला की प्लेटचे व्होल्टेजही सरकते, तेव्हा दोन-तीनदा मोजून पुन्हा भागाकार करावा लागतो.

आपल्याकडे यात एक जास्तीची भानगड आहे. दुपारी २२० असलेली लाइन रात्री उशिरा २४५ वर जाते आणि तिच्याबरोबर प्लेटही वर सरकते. बायस रात्री, व्होल्टेज सगळ्यात चढलेले असताना करा. दुपारी काठोकाठ केलेला अ‍ॅम्प रात्री काठ ओलांडतो.

घरी करता येईल का? डिलक्सचा बायस पॉट चासीच्या आत आहे, म्हणजे चालू अ‍ॅम्पच्या उघड्या पोटात स्क्रूड्रायव्हर घालायचा. याआधी ४०० व्होल्टचे काम केले नसेल तर ट्यूबवाल्या मेकॅनिककडेच जा. सवय असेल त्यांच्यासाठी : एक हात मागे, पायात रबरी चप्पल, अंगठी-कडे काढलेले. आत हात लावून काही बदलायचे असेल तर आधी प्लग काढा, १० किलोओहम १० वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड तारांना जोडून एक टोक चासीला आणि दुसरे पहिल्या मोठ्या कपॅसिटरच्या धन टोकाला पंधरा सेकंद धरा, आणि मग मीटरने मोजून आकडा १० व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून कपॅसिटर रिकामा करायची जुनी रीत सोडून द्या, त्यात कपॅसिटर आणि स्क्रूड्रायव्हर दोन्ही जातात.

ट्यूबमधली करडी प्लेट निखाऱ्यासारखी लाल दिसू लागली तर त्या क्षणी बटण बंद. स्टँडबाय नव्हे, मुख्य बटण. बायस पोहोचत नसतो, किंवा कपलिंग कपॅसिटर गळत असतो, किंवा सॉकेटची पिन सैल असते. कारण सापडेपर्यंत नवी जोडी लावू नका, तीही दहा मिनिटांत जाईल.

प्रश्न : अ‍ॅम्प नुसता चालू ठेवला तरी सतत गुणगुणतो. कपॅसिटर गेले म्हणायचे की अर्थिंग? (वाचक, मडगाव)

उत्तर : गिटार हातात आहे, तीच वापरा. जाड ई तारेवर तिसऱ्या पडद्यावरचा जी हा ९८ हर्ट्‌झचा असतो. गुणगुण त्या सुराशी जुळत असेल, किंचित चढी, तर ती १०० हर्ट्‌झची : रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) याच्या नंतरच्या फिल्टर कपॅसिटरकडे संशय. अ‍ॅम्प पंधरा-वीस वर्षांचा असेल तर ते बदलायला झालेच आहेत. सूर एक सप्तक खाली वाटला तर ५० हर्ट्‌झ, म्हणजे हीटरच्या तारा, अर्थिंग, किंवा गिटारच. केबल काढल्यावर गेला तर दोष अ‍ॅम्पचा नाही. अमेरिकी व्हिडिओत ६० आणि १२० हर्ट्‌झ सांगतात, ते त्यांच्या विजेसाठी. पॉवर ट्यूबची जोडी विजोड झाली तरी १०० हर्ट्‌झचा हम येतो, म्हणून कपॅसिटरवर खर्च करण्याआधी दुसरी जोडी लावून पाहा.

प्रश्न : जुलै लागला की अ‍ॅम्प खरखरतो, मधेच आवाज बसतो, नॉब फिरवला की परत येतो. वर्षभर ठीक असतो. (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : कोकणातला पावसाळा आधी जॅक आणि सॉकेटमधल्या स्प्रिंगच्या पत्र्यांवर बसतो. तुमच्या अ‍ॅम्पला इफेक्ट लूप असेल तर सेंड आणि रिटर्न या त्याच्या दोन जॅकना एका छोट्या केबलने जोडा. आवाज परत आला तर रोग सापडला. रिटर्नच्या जॅकमध्ये प्लग नसताना सिग्नल पुढे नेणारी एक पत्री असते, ती गंजली आहे. प्लगला कॉन्टॅक्ट क्लीनर लावून दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. बसलेल्या आवाजापायी नव्या ट्यूब विकत घेतल्या जातात आणि दोष या पत्रीत असतो, असे फार होते.

नसेल तर ट्यूबच्या पिना. थंड अ‍ॅम्पमध्ये प्रत्येक ट्यूब पूर्ण न काढता अर्धी वर-खाली चार वेळा करा, गंज पिनेनेच घासला जातो. मग पॉट, पण यासाठी झाकण उघडावे लागते, तेव्हा आधी वर सांगितल्याप्रमाणे कपॅसिटर रिकामे करा किंवा मेकॅनिककडे जा : क्लीनरचा एकच फवारा आत, आणि नॉब वीस वेळा टोकापासून टोकापर्यंत. तेलकट गंजरोधक फवारे इथे वापरू नका, धूळ धरतात.

साठच्या दशकातले खरे जुने फेंडर असतील तर त्यांचा काळा फायबरचा बोर्डच दमट हवेत पाणी ओढतो आणि जिथे वीज नको तिथे थोडी वाहू लागते. फट्-फट् असे अधूनमधून ऐकू येते. आठवड्यातून दोनदा अर्धा तास अ‍ॅम्प चालू ठेवणे हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय. झाकायला सुती चादर, प्लास्टिक नको, आत दव धरते. एसी गाडीतून उतरवलेला अ‍ॅम्प दमट हॉलमध्ये लगेच चालू करू नका. तासभर तसाच राहू द्या, बाहेरच्या कातड्यावरचा ओलावा गेला की मग बटण.

प्रश्न : आजोबांच्या रेडिओतून आणि एका डब्यातून जुन्या व्हॉल्व्ह निघाल्या. काहींवर ईएल८४, काहींवर यूएल८४, ईझेड८०, ईसीएच८१ आहे. एसी१५ मध्ये चालतील का? (वाचक, सातारा)

उत्तर : नावातच उत्तर आहे. युरोपी नावातले पहिले अक्षर हीटरचे : ई म्हणजे ६.३ व्होल्ट, जी म्हणजे ५ व्होल्ट, यू म्हणजे एकामागोमाग जोडलेले १०० मिलिअँपिअरचे हीटर. पुढचे अक्षर काम सांगते : सी ट्रायोड (छोटा सिग्नल वाढवणारी ट्यूब), सीसी दोन ट्रायोड, एल आउटपुट पेंटोड (पॉवर ट्यूब), झेड रेक्टिफायर. आकडा ८ ने सुरू झाला तर नऊ पिनांचा छोटा सॉकेट, ३ ने झाला तर आठ पिनांचा मोठा. म्हणजे जीझेड३४ म्हणजे ५ व्होल्टचा, मोठ्या सॉकेटचा रेक्टिफायर, हे पाठ न करता कळते.

तुमच्या डब्यातली फक्त ईएल८४ कामाची. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही या बनवल्या आहेत, तसे छापलेले असेल तर ती चांगली ट्यूब समजा. यूएल८४ च्या पिना तशाच आहेत, म्हणून ती बसेल. पण तिचा हीटर ४५ व्होल्टचा, ती पेटणारच नाही. ईसीएच८१ रेडिओच्या स्टेशन पकडण्याच्या भागातली, गिटारला निरुपयोगी. ईझेड८० रेक्टिफायर आहे, आणि आजच्या नेहमीच्या एसी१५ मध्ये रेक्टिफायर ट्यूब नसतेच.

यू अक्षराच्या व्हॉल्व्ह ज्या रेडिओतून निघाल्या त्या रेडिओबद्दल सावध राहा. ते सेट ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट लाइनवर चालत आणि त्यांची लोखंडी चासीच जिवंत असू शकते. तो सेट गिटारचा अ‍ॅम्प म्हणून वापरायचा विचारही नको, गिटारच्या तारांत २३० व्होल्ट येतील.

ईएल८४ लावण्याआधी काचेच्या शेंड्यावरचा चंदेरी डाग पाहा. आरशासारखा किंवा तपकिरी कडेचा असेल तर आत निर्वात आहे. दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा शिरली, ती ट्यूब टाकून द्या. एसी१५ ला दोन लागतात आणि त्या जोडीच्या हव्यात. दोघींचा करंट बायस प्रोबने मोजा, फरक ५ मिलिअँपिअरच्या आत असू द्या. जास्त असेल तर दोघींना एकच कॅथोड रेझिस्टर असल्यामुळे दमदार असलेली ट्यूब सगळे ओझे वाहते आणि आधी जाते, बास पातळ होतो आणि मडगावच्या वाचकांना ऐकू येणारा तो १०० हर्ट्‌झचा हम तुम्हालाही ऐकू येईल.